ताईंना नेमका कोणता ससा आवडतो?

पत्र थोडक्यात: चाळिशीतल्या एक वाचक लिहितात की, त्यांच्या नणंदेला ससे आवडतात, असं लग्न झाल्या झाल्या घरात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून बारा वर्षं प्रत्येक वाढदिवसाला त्या ताईंसाठी सशाचंच काहीतरी घेत आल्या: लांब कानांचा मग, सशाच्या तोंडाच्या सपाता, रात्रीचा दिवा, किल्ल्यांना अडकवायचा ससा, मीठ-मिरपुडीच्या सशांची जोडी. मागच्या महिन्यात ताईंकडे मुक्काम असताना माळ्यावरची गादी काढताना एक खोकं हाती लागलं. आत त्यांनीच दिलेल्या सगळ्या वस्तू, निम्म्या तर वेष्टनासकट. वाईट वाटलं, पण त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आता ताई पन्नाशीच्या होताहेत. या वेळी ‘खरी’ भेट द्यायची म्हणून त्यांनी ऑनलाइन बग्स बनी या कार्टूनमधल्या सशाचा एक पुतळा हेरला आहे. हातात गाजर, मूळ खोकं सोबत, ‘१९४० सालचा, दुर्मीळ’. किंमत त्यांच्या महिन्याच्या घरखर्चाच्या निम्मी. विक्रेता रविवारपर्यंत थांबायला तयार आहे. नवऱ्याचं म्हणणं, त्यापेक्षा जिवंत ससा आण. त्या विचारतात, पुतळा घेऊ का? आणि बारा वर्षं मी चुकीचंच देत आले का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय: ‘खिडकीत एक जुना, रंग उडालेला, कान चिकटवलेला करडा ससा मात्र उभा होता. तो काही मी दिलेला नाही.’

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या खिडकीतल्या सशापाशी थांबले. बाकी सगळं पत्र खोक्यातल्या सशांबद्दल आहे, या एकट्याच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्यात. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दोन ओळींत आहेत, असं मला वाटतं. पण रविवार जवळ आलाय, म्हणून आधी पुतळ्याचं बोलू.

पुतळा घेऊ नका. निदान ‘१९४० सालचा’ म्हणून तर नकोच. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी दुसऱ्या फोटोत खोक्याची मागची बाजू दिसते. अगदी खाली, कोपऱ्यात, काळ्या उभ्या रेघांचा एक चौकोन आहे. फोटो मोठा करून बघा. तो बारकोड आहे. दुकानात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती जून १९७४ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यात. च्युइंगगमचं पाकीट होतं ते. तेव्हा ज्या खोक्यावर बारकोड आहे, ते त्याआधीच्या जमान्यातलं असणं शक्य नाही. आणि खोकं ‘मूळ’ आहे असं विक्रेताच म्हणतोय, म्हणजे पुतळाही त्याच वयाचा.

विक्रेता जाणूनबुजून फसवतोय असं मी म्हणणार नाही. हा गोंधळ फार जणांचा होतो. बग्स बनी त्याच्या ओळखीच्या रूपात पडद्यावर आला तो २७ जुलै १९४० ला, वॉर्नर ब्रदर्सच्या एका छोट्या चित्रपटात. दिग्दर्शक टेक्स एव्हरी, आवाज मेल ब्लँक यांचा. त्याच स्टुडिओच्या चित्रपटांत १९३८ पासून एक वात्रट ससा हुंदडत होता, पण तो आपला बग्स नव्हे. आता, पात्र १९४० चं म्हणून वस्तूही १९४० ची, असं लोक सहज धरून चालतात. पात्राचं वय आणि वस्तूचं वय यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बग्सच्या वस्तू आजही बनताहेत.

वस्तूच्या तळाशी गोलातला सी आणि पुढे साल असेल, तर तिथेही असंच फसायला होतं. ते साल मालकी हक्काचं असतं, वस्तू कधी बनली त्याचं नव्हे. वस्तू त्या सालाच्या आधीची नाही, एवढंच त्यावरून कळतं. नंतर ती तीस वर्षांनी बनलेली असू शकते. त्यापेक्षा देशाचं नाव जास्त बोलकं असतं. ‘पश्चिम जर्मनी’ असा शिक्का असेल तर वस्तू १९४९ ते १९९० या काळातली. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. अर्थात शिक्केही खोटे मारले जातात, त्यामुळे शिक्का, खोकं, रंग, घडण हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघायचं.

तुमच्या पुतळ्यात चेहराही जुळत नाही. सुरुवातीच्या बग्सचं रूप वेगळं होतं. १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिम्सन यांनी त्याची नवी रेखाटनं केली आणि आज आपण ज्याला बघताक्षणी ओळखतो, तो चेहरा तिथून पुढे रुळला. फोटोतला चेहरा हा नंतरचा आहे. पुतळा वाईट नाही, उलट छान घडवलाय, ओठांची तिरकी ठेवण मला आवडली. पण तो काही दशकांपूर्वीचा, बऱ्यापैकी संख्येनं निघालेला पुतळा असावा. त्या किमतीला तो नको.

आता जिवंत सशाचं. यजमानांना माझा निरोप सांगा, कृपा करून नको. ससा नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षं जगतो. म्हणजे ताईंच्या साठीपर्यंतची जबाबदारी त्यांना न विचारता त्यांच्या हातात ठेवायची. त्याचं मुख्य खाणं सुकं गवत. गाजरात साखर बरीच असते, ते अधूनमधून एखादा तुकडा एवढंच चालतं. गाजराचा समज कार्टूननं करून दिलाय. बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडत नाही. दचकून लाथ मारताना त्याच्या स्वतःच्याच कण्याला इजा होऊ शकते. सशांची हौस म्हणून आणलेले किती ससे चार महिन्यांत नकोसे होतात, हे मी माझ्या ओळखीत दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा झोप उडाली होती माझी. ज्याला ससा पाळायचाय त्यानं स्वतः ठरवून पाळावा. भेट म्हणून कधीही नको.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. बारा वर्षं चुकीचंच देत आलात का?

‘ताईंना ससे आवडतात’ हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं? पत्रात ‘कुणीतरी’ एवढंच आहे. ताईंच्या तोंडून तुम्ही ते ऐकलंय का? आणि ऐकलं असेल, तर त्या नक्की काय म्हणाल्या होत्या? तुम्ही नवीन सून होतात, ताईंशी फारशी ओळख नव्हती, आणि हे एक वाक्य हाताशी आलं. त्याला धरून तुम्ही नात्याची सुरुवात केलीत. त्यात मला काहीच वावगं दिसत नाही. पण पुढे त्या वाक्याला कुणी पुन्हा हात लावला नाही. पहिला मग दिला तेव्हा ताई हसल्या असतील, म्हणून पुढच्या वर्षी सपाता आल्या. त्या बघून एखाद्या मैत्रिणीनं उशी दिली असेल. एकदा माणसावर ‘सशांची ताई’ अशी चिठ्ठी चिकटली की सगळे ती चिठ्ठी वाचूनच खरेदी करतात, आणि ज्याच्यावर ती चिकटलीय त्यालाही ती काढणं अवघड जातं. समोरचा प्रेमानं देतोय, त्याला कसं सांगायचं की पुरे आता?

आणि ‘ससे’ म्हणून एक सरसकट गोष्ट नसतेच. पीटर रॅबिट घ्या. बिॲट्रिक्स पॉटर यांनी तो आधी एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात काढला, पुस्तक १९०२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९०३ मध्ये त्यांनी त्याच्या बाहुलीचं पेटंट स्वतः घेतलं. निळा कोट घातलेला, जलरंगातला, खऱ्या सशासारखं अंग असलेला तो ससा. दुसरीकडे डिक ब्रूनांची १९५५ मधली डच मिफी: दोन ठिपक्यांचे डोळे, तोंडाच्या जागी फुली, बस्स. तिसरा ओस्वाल्ड, वॉल्ट डिस्ने यांचा १९२७ चा, मिकीच्याही आधीचा. पुढच्याच वर्षी तो त्यांच्या हातून गेला आणि कंपनीला परत मिळाला तो थेट २००६ मध्ये, एका क्रीडा समालोचकाच्या बदल्यात! आणि चौथा आपला बग्स, दाराच्या चौकटीला रेलून समोरच्याची फजिती बघणारा. पीटरवर जीव असलेल्या माणसाला बग्स उद्धट वाटू शकतो. बग्सच्या चाहत्याला मिफी मुकी वाटेल. आणि या चौघांपैकी कुणाच्याही चाहत्याला सशाच्या तोंडाच्या गुलाबी सपातांशी काही देणंघेणं नसेल.

म्हणून खिडकीतल्या सशाकडे परत येते. करडा, रंग उडालेला, कान चिकटवलेला. तो माळ्यावर गेला नाही. रोज पडदा सरकवताना हात लागेल अशा जागी तो आहे. त्याचा कान तुटला तेव्हा कुणीतरी तुकडा शोधला, जपून ठेवला आणि बसून चिकटवला. कुठला ससा आहे तो? करडा म्हणताय, तर बग्स असेलही. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या डाकिन कंपनीनं बग्सच्या मऊ प्लॅस्टिकच्या मूर्ती भरपूर काढल्या होत्या, तशांपैकी एखादा कुणी बाहेरून आणलेला असू शकतो. किंवा बग्स नसेलही. जत्रेत मिळालेला, नाव नसलेला साधा ससा असेल. मला इथे बसून ते कळणार नाही. तुम्हीही एवढी वर्षं त्या घरात जाऊन-येऊन आहात आणि तुम्हालाही ते माहीत नाही.

मग भेट काय द्यायची? मनात येईल तसं लिहिते.

तुमच्या डोक्यात लगेच येईल की तो कान आपण नीट दुरुस्त करून देऊ, रंग नवा देऊ. थांबा. न सांगता तर मुळीच करू नका. रंग उडालाय तो कदाचित एका ठरावीक हातानं, ठरावीक जागी धरून उडालाय. जुना डिंक पिवळा पडला असेल, पण तो कुणी लावलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. संग्राहकांच्या दृष्टीनंही नवा रंग चढवलेल्या जुन्या वस्तूची किंमत उतरते. ताईंनी स्वतः म्हटलं, तरच जाणकाराकडून करून घ्या, आणि त्याला पुढे सोडवता येईल असा डिंक वापरायला सांगा.

तो बग्सच निघाला आणि ताईंना खरंच बग्सचं वेड असलं, तर त्याच काळातला, त्याच घडणीचा एक जोडीदार शोधणं ही सुंदर भेट होईल. तुमच्या पुतळ्यापेक्षा कदाचित कमी पैशात मिळेल, वेळ मात्र जास्त लागेल. किंवा एखादी सेल. हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पानावर चित्र रेखून पाठीमागून रंग भरत, ते पान म्हणजे सेल. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. एक चित्र दोनदा वापरलं तरी सेकंदाला बारा लागतात, म्हणजे सात मिनिटांच्या चित्रपटाला हजारो. त्यातली एखादी खरी सेल हातात धरणं म्हणजे त्या अर्ध्या क्षणाला हात लावणं, मला तर अंगावर काटा येतो. पण घेताना डोळे उघडे ठेवा. ‘सेरिसेल’ म्हणून जे विकतात ते छापील असतं, चित्रपटात कधी वापरलेलं नसतं. भिंतीवर छान दिसतं, पण सेलच्या भावानं घ्यायचं नाही. वापरलेल्या सेलला कडेला खिळपट्टीत बसवायची भोकं असतात आणि मागून हाताच्या ब्रशचे फराटे दिसतात. ‘लिमिटेड एडिशन’ या शब्दांनीही हुरळू नका, खाली पाच हजारांतला अमुक क्रमांक लिहिला असेल तर ती मर्यादा फार मोठी आहे.

तुमच्यासारख्या भेटी शोधणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती खास सशांचीच आहे. चिनी मातीचा ससा घेताना आधी कान बघा. सगळ्यात आधी मोडतात ते कान, त्यामुळे दुरुस्तीही तिथेच लपलेली असते. हातात घेता आला तर डोळे मिटून बोटाचं टोक कानाच्या मुळाशी गोल फिरवा. झिलई थंड आणि सलग लागली पाहिजे. मध्येच किंचित कोमट, रबरी किंवा खरखरीत पट्टा लागला की समजा, कान पुन्हा बसवलाय. मग नखानं हलकेच टिचकी मारा. अखंड मातीचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेल्याचा बद्द. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: तळ, कानांची मुळं मागच्या बाजूनं, आणि खिडकीच्या उजेडातला एक. द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ सोडून द्या.

मऊ प्लॅस्टिकचं वेगळंच. माझ्याकडे असा एक ससा होता. धूळ बसू नये म्हणून मी तो पारदर्शक पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवला. दोन वर्षांनी काढायला गेले तर पोटाचा भाग पिशवीला चिकटलेला, सोडवताना छातीवरचा पांढरा रंगच निघून आला. असलं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं, ते वर्षांमागून वर्षं बाहेर झिरपत राहतं. त्याला हवा लागते, सावली लागते, ऊन आणि उष्णता चालत नाही. ताईंचा ससा खिडकीत आहे, तेव्हा एवढं मात्र त्यांना नक्की सांगा: थेट ऊन पडत असेल तर हातभर आत घ्या.

खूप जुनी, पातळ, पोकळ, हलकी सेल्युलॉइडची खेळणी देवघराजवळ, शेगडीजवळ ठेवू नका, ती भसकन पेट घेतात. जुन्या कार्टूनच्या काचेच्या पेल्यांवरच्या रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, ते बघायला ठेवा, पिऊ नका त्यातून. लहान मूल तोंडात घालेल अशा ठिकाणी जुनं रंगवलेलं खेळणं नकोच. आणि ‘खरीखुरी मऊ’ लोकर लावलेली सशाची एखादी वस्तू दिसली तर ती कशाची आहे ते विचारा, कित्येकदा ती सशाचीच कातडी असते. सशांवर जीव असलेल्या माणसाच्या हातात ती ठेवताना आधी दोनदा विचार करा.

खोक्याबद्दल वाईट वाटून घेतलंत, ते मी समजू शकते. दिलेली वस्तू वेष्टनासकट दिसणं झोंबतंच. पण ताईंनी बारा वर्षांत त्यातलं काही कुणाला देऊन टाकलेलं दिसत नाही. माळ्यावर जागा कमी असते, तरी त्यांनी ती तुमच्या सशांना दिली. वस्तू नकोशा होत्या आणि देणारी हवीशी होती, म्हणून हे खोकं बनलं असावं. ताईंवर याचा ताण असेल असं मला मनापासून वाटतं. तुम्ही घरी आलात की निदान तो लांब कानांचा मग तरी बाहेर काढून ठेवावा का, असं त्यांच्या मनात येत असेल. तो ताण तुम्हीच उतरवू शकता, त्यांना ते जमणार नाही. पण खोकं पाहिल्याचा पुरावा समोर मांडून नको. हसत एवढंच म्हणा, “ताई, इतकी वर्षं मी ससे आणतेय, तुम्हाला आता पुरे झाले असतील. नको असतील ते खेळायला कुणाला तरी देऊन टाकू या का?” त्या सुटकेचा श्वास टाकतील, किंवा त्यातला एखादा हट्टानं ठेवून घेतील. कुठला ठेवला ते बघून ठेवा.

आणि त्यांना खरंच सशाचं काहीच नको असेल, तर पन्नाशीला वेगळंच काहीतरी द्या. त्याची यादी मी करणार नाही. त्या काय वाचतात, कशासाठी वेळ काढतात, हे तुम्ही त्यांच्याशी बोललात की आपोआप कळेल.

तेव्हा आज संध्याकाळी दोन गोष्टी करा. विक्रेत्याला लिहा की खोक्यावर बारकोड आहे, त्यामुळे साल जुळत नाही, आणि घेत नाही म्हणून कळवा. वाढदिवसाला अजून तीन आठवडे आहेत, घाई तुम्हाला नाही, त्याला आहे. मग ताईंना फोन लावा. वाढदिवसाचं नाव काढू नका, भेटीचंही नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं की एकच विचारा: “ताई, तुमच्या खिडकीत तो करडा ससा आहे ना, त्याचा कान कुणी चिकटवला?”